हात सोडला तर

“आणि माणसाने हात सोडला तर?” सगुणने विचारलं.

शलाका देसाई वाळूवर उकिडवी बसून होडीच्या पोटातून खाली सरकवायची फळी आम्हाला दाखवत होती. तिने मान वर केली. “कशावरचा हात, काका?”

“दोन्ही. सुकाणूवरचा आणि दामणीवरचा.”

दामण म्हणजे शिडाच्या मोकळ्या टोकाला बांधलेला दोर. वारा शिडात कोंडून धरायचा तो या दोराच्या जोरावर. शलाकाला शब्द नवा होता, पण अर्थ तिला लगेच कळला. तिने होडीच्या मधोमध बसवलेले प्लॅस्टिकचे दोन दातेरी जबडे दाखवले. हात भरून आला की दोर यांच्यात अडकवायचा आणि निवांत बसायचं, असं ती म्हणाली.

“ते कळलं. पण अडकवला नाही, आणि हात सुटला, तर?”

“का सुटेल पण?”

“समज सुटला.”

ती उठली. होडी पाण्यात ढकलून एका उडीत आत बसली. शीड भरलं, पांढरी होडी एका अंगावर कलली आणि खाडीच्या मध्यापर्यंत सुसाट गेली. तिथे शलाकाने दोन्ही हात डोक्यावर घेतले, पोलिसांनी धरल्यासारखे. शीड एकदम ढिलं पडून फडफडायला लागलं. कललेली होडी सरळ झाली, तिने तोंड वाऱ्याकडे वळवलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. वारा चांगला होता, लाटाही होत्या, पण ती नुसती डुलत होती. शलाका हात वर करून आमच्याकडे बघून हसत होती.

सगुण बराच वेळ पाहत राहिला. “उभी राहिली,” तो म्हणाला. माझ्याशी नव्हे.

मला तो प्रश्न इंजिनिअरचा वाटला. सगुण मयेकरची सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनघरात गेली. यंत्र चालतं कसं याच्याआधी ते बंद पडल्यावर काय होतं हे विचारायची त्याला सवय होती. मी तसं मनात म्हटलं आणि चष्मा पुसत बसलो. माझं लक्ष खरं तर दुसऱ्याच होडीकडे लागलं होतं. ती आम्ही सकाळी पाहून आलो होतो.

सगुण आणि मी आडबंदरचे, एका वर्गातले. तो जहाजावर गेला, मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल झालो. निवृत्त होऊन दोघेही गावी परतलो. लहानपणी त्याच्या वडिलांच्या शिडाच्या होडीतून आम्ही जायचो. वडील सुकाणूवर, सगुण शिडाजवळ, आणि मी तळाशी, करवंटीने पाणी उपसायला. मला पोहता येत नव्हतं, अजूनही येत नाही. शीड वळवण्याइतका जोर माझ्या हातात कधी आला नाही. पण त्या होडीत माझी एक जागा होती. पुढे आयुष्यात इतकी नक्की जागा मला क्वचितच मिळाली.

त्या वर्षी गणपती गेल्यावर सगुण माझ्या ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, “अनंता, वाऱ्यावर चालणारी एक होडी घ्यायचीय. आयुष्यभर जहाजाच्या पोटात तेलाच्या वासात काढलं. समुद्र बघितलाच नाही. आपण होडी बघायला जाऊ.”

त्याच्या त्या ‘आपण’वर मी आठवडाभर जगलो.  घरातली होती नव्हती ती पुस्तकं काढून होड्यांविषयी वाचत बसलो. बायको असती तर हसली असती.

दोन होड्या विकाऊ होत्या. एक लवूदादा खवणेकरची, सागाची, जुन्या घडणीची. एका बाजूला उलांडी, म्हणजे होडी उलटू नये म्हणून दोन आडव्या बांबूंवर बांधलेला लाकडाचा लांब तराफा. तिरकं शीड, तेही एका लांब परबाणाला, म्हणजे आडव्या वाशाला बांधलेलं. तिला अजून माशाच्या तेलाचा वास येत होता. दुसरी ही शलाकाची, फायबरची. खाडीपलीकडे ती शिडाच्या होड्या शिकवायचं केंद्र चालवायची. ते बंद करून ती गोव्याला निघाली होती.

सकाळी लवूदादाने होडीवरची माडाच्या झावळांची झापं काढली. आम्ही भोवती फिरून पाहिलं. सगुणने तळ ठोकून पाहिला, उलांडीचे दोर ओढून पाहिले. लवूदादा तोंडातलं पान घोळवत उभा होता. मग त्याने विचारलं, “जोडीदार कोण तुमचो?”

आमच्याकडे हे पहिलं विचारतात. ती होडी एकट्याने चालतच नाही. दिशा बदलायची तर एकाने सुकाणू धरायचं आणि दुसऱ्याने परबाण डोलकाठीभोवती फिरवून पलीकडे न्यायचा. वाऱ्याचा झोत आला की दुसऱ्याने उलांडीवर जाऊन बसायचं. म्हणून आडबंदरात होडी घेण्याआधी जोडीदाराचं नाव सांगावं लागतं. होडी पाण्यात घालताना नारळ तो फोडतो. आणि समुद्रावर काही बरंवाईट झालं तर परतताना मयताच्या उशाशी तोच बसतो. मयताला समुद्रावरून एकटं आणत नाहीत. हा रिवाज मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही, पण गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

मी सगुणच्या मागे उभा होतो. सगुणने होडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाहिलं हे नक्की, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बाकी पुष्कळ गोष्टींबद्दल असते.

“अजून ठरलेलो नाय,” तो म्हणाला. परक्या बंदरांत राहून त्याची मालवणी झिजली होती, पण लवूदादाशी बोलताना तेवढी परत यायची.

लवूदादाने माझ्याकडे बोट केलं. “ह्येंका पेवाक येता?”

“नाय,” सगुणच म्हणाला. पोहणं मला येत नाही, हे खरंच होतं.

लवूदादा बाजूला जाऊन पान थुंकला आणि झापं पुन्हा घालायला लागला.

शलाकाकडून परतताना आम्ही तरीच्या, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीच्या, धक्क्यावर चहाला थांबलो. मी काय काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं. लाकडी होडीला भेग पडली तर गावात बुजवणारे आहेत, फायबरला कोण हात लावणार? उलांडी असलेली होडी सहसा उलटत नाही. तुझ्या वडिलांची होडी याच घडणीची होती. मी एवढं सलग बोलल्याचं आठवत नाही. सगुणने चहा बशीत ओतला आणि माझं संपेपर्यंत फुंकत राहिला.

“पुस्तक्या,” तो म्हणाला. शाळेपासून तो मला तेच म्हणायचा. “तुला होडी हवीय की होडीतली जागा?”

मी कपात पाहिलं. “होडी चांगली आहे म्हणून सांगतोय.”

“चांगली आहेच. शलाकाच्या होडीपेक्षा देखणी आहे. पण दोन माणसांची होडी म्हणजे दुसरा माणूस...”

तिथे तो थांबला. तर लागली होती, लोक उतरत होते. त्याने बशी ठेवली आणि उठला. ते वाक्य पुरं करायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते माझ्या स्वभावाप्रमाणे केलं. दुसरा माणूस म्हणजे तुझ्यासारखा नको.

जेवायला त्याच्याकडेच थांबलो. इंदूवहिनी आमटी वाढत होत्या. कुठली ठरली, असं त्यांनी विचारलं. सगुण म्हणाला, फायबरची. वहिनींचा हात थांबला.

“अनंताभावजी कुठली म्हणतात?”

मी लवूदादाचं नाव घेतलं.

“मग तीच घ्या की. दोघं असलात म्हणजे मला...”

“इंदू,” सगुण म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण वहिनी पळी आमटीत तशीच टाकून आत गेल्या आणि माझी पाठ वळेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. माझ्यामुळे घरात वाद नको म्हणून मी भातही पुन्हा घेतला नाही.

होडी पाण्यात घातली त्या दिवशी लवूदादाही आला होता. आपली होडी घेतली नाही याचा राग त्याने धरला नव्हता, निदान दाखवला नाही. नारळ सगुणच्या हातात होता. लवूदादाने आजूबाजूला पाहिलं.

“नारळ धन्यान फोडूचो नसता.”

“हिला जोडीदार लागत नाही, लवूदादा.”

“व्हडयेक नको आसात, पण माणसाक...” लवूदादा म्हणाला आणि बाजूला झाला.

सगुणने नारळ खडकावर स्वतःच फोडला. एक भकल माझ्या हातात ठेवलं. मी ते खाल्लं नाही, घरी नेऊन कोनाड्यात ठेवलं, आणि वास यायला लागल्यावर टाकून दिलं.

पुढे काही दिवस मी धक्क्याकडे फिरकलो नाही. मग न राहवून जायला लागलो. दुपार कलली आणि समुद्रावरून खारा वारा सुटला की सगुण निघायचा. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसायचो. किती वाचलं ते विचारू नये. धक्क्याजवळून जाताना तो हात वर करायचा आणि मी पुस्तक. ही आमची भेट.

एकदा होडी ओढून ठेवायला मी मदत करत होतो. मधल्या लाकडी पट्टीवरचे ते दातेरी जबडे गायब होते. त्यांच्या जागी चार भोकं, मेण भरून बुजवलेली.

“इथले दात कुठे गेले?”

“काढले.”

“का?”

“दोर अडकून राहतो.”

“अडकायलाच असतात ना ते?”

“म्हणूनच,” सगुण म्हणाला आणि हसला. तो थोडं चालूनही थांबत होता आणि थांबला की समुद्राकडे बघत असल्यासारखं करत होता. मला वाटलं, समुद्रच बघतोय.

मी धीर करून म्हटलं, “एकदा बसव की मला. पाणी उपसेन.”

“हिच्यात उपसावं लागत नाही. तळाला छिद्रं आहेत, आलेलं पाणी आपोआप जातं.”

“तरी.”

“जागा कुठाय?”

जागा होती. शलाकाने दोन माणसं बसतात असं आमच्यासमोर सांगितलं होतं. मी म्हटलं, खरंच, अरुंद आहे. आणि दोघांनी मिळून तिच्यावर कापड ओढलं.

पौषात एके दिवशी तो परतला नाही.

मासेमारीच्या होड्या आल्या, टोपल्या उतरल्या, बायका भाव करून गेल्या. सूर्य खाडीबाहेरच्या खडपांच्या, म्हणजे खडकांच्या डोक्यावर आला, तोवर सगुण रोज आत आलेला असायचा. वारा काही वादळी नव्हता, रोजचाच होता. मी पायरीवर उभा राहून पाहत होतो. कुणाला सांगावं की उगाच माणसं गोळा केली असं होईल, हे मला ठरवता येत नव्हतं.

इंदूवहिनी आल्या. हाताला पीठ होतं, पाय अनवाणी. “दिसतात?” त्यांनी विचारलं.

“अजून नाही. येईलच.”

त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. इतक्या वर्षांत त्या तिथे कधी बसल्या नव्हत्या. हाताचं पीठ चोळून काढत त्या बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता. सगुणच्या हृदयाचा स्नायू निकामी होत चालला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन होण्यातलं नाही, हे कधीही थांबेल, सांगून थांबणार नाही. घरात बसा म्हणाले होते. घरात बसलो तरी थांबणारच ना, असं त्याने डॉक्टरांना विचारलं.  त्याने वहिनींकडून शपथ घेतली होती, गावात कुणाला कळता कामा नये, अनंताला तर मुळीच नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“तुम्ही लवूदादाची होडी बघायला गेलात ना, त्याच्या आधीपासून.”

त्या बोलतच राहिल्या.

“मी त्यांना म्हटलं, समुद्रावर जायचंच आहे तर अनंताभावजींना तरी बरोबर न्या. किती भांडले मी. तर म्हणाले, लवूच्या होडीत मी मध्येच पडलो तर परबाण कोण फिरवणार? ती उलटेल नाहीतर खडपांवर जाईल. म्हटलं, मग ह्या नव्या होडीत न्या. ती तर उभी राहते म्हणता. तर म्हणाले, होडी उभी राहील गं, पण त्याचं काय? पोहता येत नाही, सुकाणू धरता येत नाही. आपला तिथे माझ्यापाशी बसून राहील, अंधार पडला तरी. त्याला ते बघायला लावू?”

शलाकाचे वर केलेले दोन हात माझ्या डोळ्यांसमोर आले. मग मेणाने बुजवलेली चार भोकं.

“लवूदादाला हाक मारतो,” मी म्हटलं.

लवूदादा आणि त्याचा पुतण्या भिवा जाळं आवरत होते. मी काय सांगितलं ते आठवत नाही, पण भिवाने हातातलं टाकून इंजिन चालू केलं. मी त्यांच्या होडीत चढलो. मला कुणी उतर म्हटलं नाही. वहिनी पायरीवरच बसून राहिल्या.

खाडीचं तोंड ओलांडून खडपांच्या बाहेर आलो. भिवाने इंजिन बारीक केलं. दिसण्याआधी आम्हाला ऐकू आलं, ओलं धोतर वाऱ्यात झटकावं तसं. मग ती दिसली. खडपांपासून लांब, मोकळ्या पाण्यात, वाऱ्याकडे तोंड करून ती उभी होती. शीड फडफडत होतं. शलाकाने दाखवलं होतं तशीच, हुबेहूब.

सगुण तळाशी एका कुशीवर होता. पाय दुमडलेले. एक हात होडीच्या काठावर, उघडा. दामण त्या हाताखालून मोकळी लोंबत होती.

भिवाने इंजिन बंद केलं आणि लवूदादा त्या होडीत उतरला. सगुणच्या मानेला हात लावला, मग नाकाशी धरला. डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली आणि शीड उतरवलं. फडफड थांबली. इतकं शांत झालं की मला भिवाचा श्वास ऐकू येत होता. लवूदादाने सगुणला सरळ केलं, शिडाचं कापड छातीपर्यंत ओढलं, पुढच्या कडीला दोर बांधून तो परत इकडे आला. भिवाने इंजिनाच्या दोरीला हात घातला.

“थांब,” लवूदादा म्हणाला. “जोडीदार कोण ह्येचो?”

“काका, ती एकट्याची व्हडी,” भिवा हलक्या आवाजात म्हणाला. “त्येंका जोडीदार नाय.”

“मयताक एकट्याक आणूचा नसता.”

“मगे मी बसतंय.”

“तू त्येचो कोण?”

भिवा खाली बघायला लागला. लवूदादा माझ्याकडे पाहत नव्हता. तो त्या पांढऱ्या होडीकडे पाहत उभा होता. अख्खी रात्र थांबावं लागलं असतं तरी तो तसाच उभा राहिला असता, असं मला वाटलं.

“मी,” मी म्हटलं.

लवूदादाने मान वळवली. पुन्हा म्हटलं, “मी जोडीदार.”

पोहता येतं का, हे या वेळी लवूदादाने विचारलं नाही. त्याने माझ्या कोपराला धरलं. दोन्ही होड्या खालीवर होत होत्या. एक पाय इकडे, एक तिकडे असा मी लटपटत राहिलो, मग त्याने मला जवळजवळ उचलून पलीकडे ठेवलं. चष्मा पाण्याच्या शिंतोड्यांनी भरला होता. तो मी पुसला नाही. सगुणच्या उशाशी बसलो. त्याचं डोकं लाकडी पट्टीवर आपटू नये म्हणून मांडीवर घेतलं. जागा पुष्कळ होती.

इंजिन सुरू झालं. दोर ताणला गेला आणि होडी पुढे निघाली. खाडीच्या तोंडाशी लाटा काठावरून आत येत होत्या. तळात पाणी साचायचं आणि छिद्रांतून आपोआप निघून जायचं. सगुणने सांगितलं होतं तसंच. धक्क्यावर माणसं जमली होती. त्यांच्यात इंदूवहिनी कुठे आहेत ते मला दिसत नव्हतं.

थोड्या वेळाने लवूदादाने मागे वळून पाहिलं. “पाणी भरता काय?” त्याने ओरडून विचारलं.

“नाही,” मी ओरडलो.

दोन्ही हातांची ओंजळ करून मी पाणी उपसत होतो.